सह्याद्रीचीं एकनिष्ठ झुडपें

कल्याणहून कर्जतच्या दिशेनें निघालेली गाडी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं स्थानकें एकामागून एक घेऊं लागली, म्हणजे उजव्या हाताच्या खिडकींतून डोंगरांची एक लांब ओळ दिसूं लागते. प्रथम मलंगगडाचा उंच सुळका, मग चंदेरीचा काळाकभिन्न कडा, त्यापुढें पेबचा किल्ला आणि अखेरीस माथेरानचा सपाट माथा. आषाढ-श्रावणांत ही ओळ ढगांत बुडालेली असते. भाद्रपदांत ती हिरवीगार होते. आणि फाल्गुन उलटला, कीं तिच्यावर तपकिरी कळा येते व एखाद्या रात्रीं कोठें तरी वणव्याची तांबडी रेघ सरकतांना दिसते. या गाडीनें रोज ये-जा करणाऱ्या माणसांपैकीं अनेकांना त्या किल्ल्यांचीं नांवें ठाऊक असतात. परंतु त्या हिरव्या रंगांत कोणकोणतीं झुडपें आहेत, त्यांतलीं कोणतीं जगांत इतरत्रहि वाढतात आणि कोणतीं सह्याद्रीवांचून दुसरीकडे कोठेंच वाढत नाहींत, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० मधील आहे, असें तेथील शिलालेखावरून समजतें. उल्हासनगर त्या मानानें अगदीं अलीकडचें. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीला १९४९ सालीं हें नांव मिळालें. मनुष्यानें उभारलेल्या वस्तूंचा जन्म असा सालासकट सांगतां येतो, आणि त्या ढासळल्या तर त्यांची डागडुजीहि करतां येते. वनस्पतीच्या जातीचें तसें नाहीं. तिचें शेवटचें झुडूप वाळलें, कीं कोणताहि कारागीर तें पुन्हां घडवूं शकत नाहीं. म्हणूनच, एखादी जाति नाहींशी होण्यापूर्वीं, ती नाहींशी होण्याचा संभव किती आहे हें अजमावण्याची एक शास्त्रीय रीत गेल्या कांहीं दशकांत तयार झाली आहे. ही रीत काय आहे, तिचा निवाडा कशावर ठरतो, आणि तो चुकला तर काय होतें, हें समजून घेण्यासारखें आहे.

आधीं 'प्रदेशनिष्ठ' या शब्दाचा अर्थ पाहिला पाहिजे. वड, पिंपळ, रुई किंवा धोत्रा हीं झाडें अनेक प्रांतांत आढळतात. त्यांचें एका ठिकाणीं वाईट झालें, तरी दुसऱ्या ठिकाणीं तीं टिकून राहतात. परंतु कांहीं वनस्पती एखाद्या ठराविक भूभागांतच जन्मतात, तेथेंच वाढतात आणि त्या भूभागाच्या सीमा ओलांडून बाहेर जात नाहींत. त्यांना प्रदेशनिष्ठ म्हणतात. डोंगरांत अशा वनस्पती अधिक सांपडतात, यास कारण आहे. समुद्रांतील बेट जसें चहूंकडून पाण्यानें वेढलेलें असतें, तसा डोंगराचा माथा चहूंकडून सखल, उष्ण आणि नांगरलेल्या जमिनीनें वेढलेला असतो. माथ्यावर धुकें असतें, हवा थंड असते, काळ्या खडकाच्या फटींत बोटभर माती असते. चार महिने संततधार पाऊस आणि आठ महिने कोरड, असा तेथील ऋतुक्रम असतो. या परिस्थितीशीं जुळवून घेतलेल्या झुडपाला खालचें मैदान म्हणजे परमुलूखच होय. त्यांतून ज्या झुडपाचें बीं वाऱ्यावर दूर जात नाहीं व पक्ष्यांच्या पोटांतूनहि प्रवास करीत नाहीं, तें आईच्या पायाशींच पडतें आणि तेथेंच रुजतें. अशीं झुडपें हजारों वर्षें एकाच डोंगराशीं निष्ठेनें राहतात; आणि हीच निष्ठा संकटाच्या वेळीं त्यांच्या जिवावर बेतते.

तथापि प्रदेशनिष्ठ असणें म्हणजेच धोक्यांत असणें, असा समज करून घेणें चुकीचें आहे. वाकेरी ही कांटेरी, आधारानें चढणारी झुडुपवजा वनस्पति पश्चिम घाटाबाहेर आढळत नाहीं. परंतु घाटांत मात्र ती दक्षिणोत्तर पसरलेली आहे. तिच्या तांबड्या-शेंदरी फुलांचे तुरे रानावनांतून दिसतात, आणि तिच्याबद्दल आज तरी कोणी चिंता करीत नाहीं. बदलापूरच्या आसपासच्या डोंगरांवर माजणारी कारवीहि तशीच विपुल. तिच्या सरळ काठ्यांचे कूड करून त्यांवर शेणमातीचें लिंपण देण्याची चाल ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. एवढी तोड होऊनहि कारवी टिकली, कारण तिचें राज्य फार मोठें आहे.

याच्या उलट टोकाला एक दुसरें झुडूप आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील वनस्पतिसंग्रहाचें काम पाहणारे श्री. रानडे यांना कोल्हापूरकडील आंबा घाटांत एक अपरिचित झुडूप आढळलें. तें भेंडी, कापूस व जास्वंद यांच्या कुळांतलें. उंची पुरुषभर किंवा त्याहून अधिक, आणि फुलें घंटेसारखीं खालीं लोंबणारीं, फिक्या पिवळसर-नारिंगी रंगाचीं व तांबूस शिरांचीं. त्याच कॉलेजांतील प्राध्यापक वुड्रो आणि लंडननजीकच्या क्यू येथील उद्यानांतील शास्त्रज्ञ श्टाफ या दोघांनीं मिळून १८९४ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें आणि शोधकाच्या सन्मानार्थ त्याला 'अब्युटिलॉन रानडेई' असें नांव दिलें. मराठींत त्यास सोनघंटा म्हणतात. एका मराठी माणसाचें नांव अशा रीतीनें जगाच्या वनस्पतिशास्त्रांत कायम झालें. परंतु तें नांव धारण करणारें झुडूप मात्र दीर्घकाळ फारसें कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं. तें नष्ट झालें असावें, अशीहि शंका घेतली जाऊं लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें सह्याद्रीच्या कांहीं थोड्या डोंगरांवर पुन्हां सांपडलें. प्रत्येक ठिकाणीं झुडपें मोजकीं, आणि दोन ठिकाणांमध्यें कित्येक कोसांचें अंतर.

कारवी आणि सोनघंटा या दोन्ही सह्याद्रीच्याच लेकी. परंतु एकीला धोका नाहीं आणि दुसरीला फार आहे, असें कशावरून म्हणावयाचें? केवळ 'हें झुडूप दुर्मीळ दिसतें' एवढ्यावर शास्त्र समाधान मानीत नाहीं. दुर्मीळपणा ही एक अवस्था आहे, तर धोका ही एक गति आहे. एखादें झुडूप दहा हजार वर्षें दुर्मीळ राहूनहि सुखरूप असूं शकतें. आणि आज विपुल दिसणारें झुडूप दर वर्षीं घटत असेल, तर तेंच अधिक संकटांत असतें.

निसर्गसंवर्धनाचें काम करणारा एक आंतरराष्ट्रीय संघ १९४८ सालीं स्थापन झाला. या संघानें १९६४ पासून धोक्यांतील जीवजातींची एक यादी ठेवण्यास प्रारंभ केला. तिलाच 'लाल यादी' म्हणतात. प्रारंभीं या यादींतील निवाडे बहुतांशीं तज्ज्ञांच्या मतावर अवलंबून असत. १९९४ सालीं त्यासाठीं आंकड्यांचे निश्चित नियम करण्यांत आले व २००१ मध्यें ते सुधारण्यांत आले. या नियमांप्रमाणें नऊ कप्पे आहेत: नामशेष, वन्य स्थितींत नामशेष, अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, संकटाच्या उंबरठ्यावरील, चिंतामुक्त, अपुऱ्या माहितीचे, आणि ज्यांची परीक्षाच झालेली नाहीं असे. यांपैकीं अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त आणि असुरक्षित या तीन कप्प्यांतील जातींना 'धोक्यांतील' म्हणतात.

या तीन कप्प्यांत प्रवेश देण्यासाठीं पांच कसोट्या आहेत. त्यांपैकीं कोणत्याहि एकीवर उतरलें तरी पुरे. पहिली कसोटी घटीची: गेल्या दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकीं जो काळ मोठा असेल त्यांत, संख्या किती घटली? दुसरी विस्ताराची: जातीचें क्षेत्र किती लहान आहे? तिसरी, संख्या लहान असून ती घटतहि आहे काय? चौथी, संख्या किंवा क्षेत्र मुळांतच अत्यल्प आहे काय? आणि पांचवी, गणिताच्या आधारें नष्ट होण्याची शक्यता किती निघते? पांचव्या कसोटीला लागणारी दीर्घकाळची मोजणी आपल्याकडील डोंगरी झुडपांच्या बाबतींत बहुधा उपलब्ध नसते. म्हणून निवाड्याचा भार मुख्यतः पहिल्या चार कसोट्यांवर, आणि त्यांतहि विस्ताराच्या कसोटीवर पडतो.

विस्तार दोन प्रकारें मोजतात. नकाशावर त्या झुडपाचीं सर्व ज्ञात ठिकाणें खुणा करून दाखवावयाचीं आणि सर्वांत बाहेरच्या खुणा रेषांनीं जोडून एक बंदिस्त आकृति काढावयाची. तिचें क्षेत्रफळ हें एक माप. दुसरें माप अधिक काटेकोर आहे. नकाशावर दोन किलोमीटर लांब व दोन किलोमीटर रुंद असे चौकोन आंखावयाचे, आणि ज्या चौकोनांत झुडूप प्रत्यक्ष आहे तेवढेच मोजावयाचे. प्रत्येक चौकोनाचे चार चौरस किलोमीटर धरावयाचे. पहिलें माप १०० चौरस किलोमीटरांहून कमी किंवा दुसरें १० हून कमी भरलें, तर ती जाति अतिसंकटग्रस्ताच्या मर्यादेंत येते. संकटग्रस्तासाठीं हेच आंकडे ५,००० व ५०० आहेत, आणि असुरक्षितासाठीं २०,००० व २,०००.

परंतु क्षेत्र लहान असणें एवढेंच पुरत नाहीं. त्याबरोबर आणखी तीनपैकीं दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: एक, झुडपांचे समूह परस्परांपासून फार तुटलेले आहेत, किंवा त्यांचीं स्थळें मोजकींच आहेत, दोन, संख्येंत, क्षेत्रांत किंवा निवासाच्या प्रतींत घट चालू आहे, तीन, त्यांत अतोनात चढउतार होतात. यांतील 'स्थळ' या शब्दाचा अर्थ मोठा मार्मिक आहे. स्थळ म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. एका आपत्तीच्या तडाख्यांत जेवढीं झुडपें एकदम सांपडूं शकतात, तेवढ्या सर्वांचें मिळून एक स्थळ. म्हणजे स्थळांची संख्या भूगोलावर ठरत नाहीं, ती संकटावर ठरते. या साऱ्या पद्धतीचें मर्म या एका कल्पनेंत आहे.

बदलापूरच्या खिडकींतून दिसणाऱ्या डोंगरांचेंच एक काल्पनिक उदाहरण घेतां येईल. समजा, एक झुडूप जगांत फक्त मलंगगड, चंदेरी आणि माथेरान येथेंच आढळलें. हे तिन्ही डोंगर जोडून काढलेल्या आकृतीचें क्षेत्रफळ १०० चौरस किलोमीटरांच्या आंतच राहील. म्हणजे केवळ क्षेत्रावरून पाहिलें तर तें अतिसंकटग्रस्ताच्या मर्यादेंत येतें. आतां त्याला मुख्य भीति वणव्याची आहे, असें धरूं या. एका डोंगरावरचा वणवा दऱ्या ओलांडून दुसऱ्या डोंगरावर जात नसेल, तर तीन डोंगर म्हणजे तीन स्थळें. पांच किंवा त्याहून कमी स्थळें असलीं आणि निवास सतत बिघडत असला, तर निवाडा 'संकटग्रस्त' असा होतो. परंतु तिन्ही डोंगरांवर एकाच वेळीं झडप घालणारें एखादें संकट असेल, उदाहरणार्थ सर्वत्र पसरणारी कीड, तर तीनहि डोंगर मिळून एकच स्थळ होतें आणि तेंच झुडूप 'अतिसंकटग्रस्त' ठरतें. उलट, झुडपें तितकींच, डोंगर तेच, परंतु घट होत असल्याचा कांहींच पुरावा नाहीं, पुढें धोका संभवतो एवढेंच म्हणतां येतें, अशी स्थिति असली, तर तें झुडूप क्षेत्र अत्यल्प असल्याच्या कसोटीवर 'असुरक्षित' या कप्प्यांत जाईल. झुडूप एकच, डोंगर तेच. पण त्याच्या वाट्याला येणारें संकट व त्याचा पुरावा बदलला, कीं निवाडा बदलतो. यावरून ध्यानांत येईल, कीं ही परीक्षा झुडपाची जितकी आहे, तितकीच त्याच्या परिसराची आहे.

संख्येच्या कसोटीलाहि असाच बारकावा आहे. मोजावयाचीं तीं सर्व रोपटीं नव्हेत, तर फुलण्या-फळण्याजोगीं प्रौढ झुडपेंच. अशीं झुडपें पन्नासांहून कमी असलीं, तर इतर कांहीं न पाहतां ती जाति अतिसंकटग्रस्त. अडीचशेंहून कमी असलीं, तर संकटग्रस्त. आणि हजारांहून कमी असलीं, तर असुरक्षित. एखाद्या कड्याखालीं शेंकडों कोंवळीं रोपें उगवलेलीं पाहून आनंद होतो खरा. परंतु गुरांच्या तोंडून आणि वैशाखाच्या उन्हांतून त्यांतलीं किती वांचून फुलतील, हें ठरेपर्यंत गणतींत त्यांना जागा नाहीं.

पिढीचा हिशेब तर याहून नाजूक आहे, आणि तो समजण्यासाठीं पुन्हां कारवीकडेच वळावें लागतें. कारवीचें झुडूप दर वर्षीं फुलत नाहीं. सात-आठ वर्षें तें नुसतें पानांनीं वाढतें. मग एका पावसाळ्याच्या शेवटीं सारा डोंगर एकदम जांभळा होऊन जातो, मधमाशांची झुंबड उडते, बीं धरतें, आणि तें पिकल्यावर झुडपें वाळून मरतात. सात-आठ वर्षांची एक पिढी धरली, तर तीन पिढ्यांना एकवीस ते चोवीस वर्षें लागतात. म्हणून अशा झुडपाची घट दहा वर्षांच्या नोंदींवरून ठरवितां येत नाहीं. शिवाय, फुलोऱ्यानंतरच्या वर्षीं कोणी पाहणीस गेला, तर त्याला मेलेल्या काठ्यांचा डोंगर दिसेल आणि जाति संपली असें वाटेल. फुलोऱ्याच्या वर्षीं गेला, तर ती अमर आहे असें वाटेल. दोन्ही निष्कर्ष चुकीचे. कारवीच्याच कुळांतील, पठारांवर टोपलीसारखी गोल वाढणारी टोपली कारवी सह्याद्रीची प्रदेशनिष्ठ आहे, आणि तीहि अशीच वर्षांच्या अंतरानें फुलते. अशा झुडपांपुढें घाईनें काम करणारा परीक्षक हमखास फसतो.

परीक्षकाचें काम डोंगरावर सुरू होत नाहीं. तें संग्रहालयांत सुरू होतें. मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजांतील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह, पुण्याच्या भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा संग्रह, पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेंतील संग्रह, अशा ठिकाणीं जाड कागदांवर चिकटवलेल्या वाळलेल्या फांद्या जपून ठेवलेल्या असतात. प्रत्येक कागदाच्या कोंपऱ्यांत एक चिठ्ठी असते: कोणी, केव्हां आणि कोठें गोळा केलें. कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झाला, तो अशाच संग्रहांच्या आधारें. शंभर वर्षांपूर्वींची चिठ्ठी आणि आजची पाहणी यांची तुलना केली, म्हणजेच घट झाली कीं नाहीं हें कळतें. मात्र जुन्या चिठ्ठीवर पुष्कळदां नुसतें घाटाचें नांव असतें, आणि घाट म्हणजे कोसच्या कोस पसरलेलें रान. तेव्हां त्या एका शब्दावरून नेमका कडा शोधून काढणें, हें परीक्षकाचें पहिलें कष्टाचें काम असतें.

दुसरें काम ऋतु साधण्याचें. सोनघंटेच्या जवळच्या नात्यांतलीं झुडपें रानांत अनेक आहेत. फूल नसतांना तीं एकमेकांसारखींच दिसतात. तिसरें काम, न दिसण्याचा अर्थ लावण्याचें. एखाद्या ठिकाणीं झुडूप सांपडलें नाहीं, तर तें तेथें नाहीं असें समजावें, कीं तें पाहणाऱ्याच्या दृष्टीला चुकलें असें समजावें? ज्या कड्यावर दोराशिवाय उतरतां येत नाहीं, त्या कड्याबद्दल तर हा प्रश्न नेहमींच शिल्लक राहतो. गुरें आणि वणवा जेथें पोंचत नाहींत, तेथेंच दुर्मीळ झुडपें बहुधा तग धरून राहतात. आणि नेमक्या त्याच ठिकाणीं माणूसहि सहसा पोंचत नाहीं.

म्हणूनच 'नामशेष' हा शब्द उच्चारण्यापूर्वीं या नियमांत फार कडक अट घातली आहे. त्या जातीचा शेवटचा जीव मेला याविषयीं वाजवी शंका उरतां कामा नये, आणि योग्य ऋतूंत, योग्य ठिकाणीं, पुरेसा काळ शोध झालेला असला पाहिजे. या अटीचें शहाणपण एका गवताच्या कथेवरून पटतें. हबर्डिया नांवाचें एक नाजूक गवत १९१९ सालीं गिरसप्प्याच्या धबधब्यापाशीं गोळा करण्यांत आलें होतें. पुढें तें तेथें पुन्हां सांपडेना, आणि तें जगांतून गेलें असें मानलें गेलें. २००२ सालीं कोल्हापूरच्या संशोधकांना तें तिलारीच्या घाटांत जिवंत आढळलें. त्याला मृत मानून सर्वांनीं शोध थांबविला असता, तर त्या घाटांतील त्याच्या ओलसर कड्याची पर्वा कोणी कशास केली असती? जिवंताला मेलेलें ठरविण्यांत हा धोका आहे, कीं मग त्याला खरोखर मरूं देण्यास कोणाची हरकत राहत नाहीं.

शिवनेरीसारख्या कड्यांवर वाढणाऱ्या शिंदळ माकुडीची कथाहि बोधप्रद आहे. ही मांसल देंठांची वनस्पति एके काळीं जगांतील सर्वांत संकटग्रस्त अशा बारा वनस्पतींत गणली गेली होती. अधिक शोध झाल्यावर पुणें व सातारा जिल्ह्यांतील आणखी कांहीं कड्यांवर ती आढळली. शिवाय आज देशोदेशींचे हौशी लोक तिला कुंड्यांतून वाढवितात. परंतु या कुंड्या लाल यादीच्या हिशेबांत धरल्या जात नाहींत. मोजतात तीं फक्त रानांतलीं रोपें. कुंडींतली वनस्पति ही पिंजऱ्यांतल्या पक्ष्यासारखी आहे. तिचें रानांतलें घर गेलें आणि केवळ कुंड्याच उरल्या, तर तिचा कप्पा 'वन्य स्थितींत नामशेष' हाच.

तथापि यादींत सर्वांत फसवा कप्पा कोणता असेल, तर तो 'अपुऱ्या माहितीचा', आणि त्याच्याजवळचा 'परीक्षा न झालेल्यांचा'. हे शब्द वाचून सामान्य माणसाची समजूत होते, कीं ज्या अर्थीं धोका लिहिलेला नाहीं, त्या अर्थीं धोका नसावा. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच, कीं कोणी पाहिलें नाहीं. ज्या रोग्याला वैद्यानें तपासलेंच नाहीं, तो निरोगी ठरत नाहीं. भारतांतील धोक्यांत असलेल्या वनस्पतींची माहिती देणारे तीन खंड नायर व शास्त्री यांच्या संपादनाखालीं १९८७ ते १९९० या काळांत प्रसिद्ध झाले, आणि महाराष्ट्रांतील प्रदेशनिष्ठ व संकटग्रस्त सपुष्प वनस्पतींवरील मिश्रा व सिंग यांचा ग्रंथ २००१ सालीं निघाला. हें काम मोलाचें आहे. परंतु डोंगर दर वर्षीं बदलत असतो, आणि ग्रंथ छापून झाल्यावर तो आपोआप बदलत नाहीं.

डोंगर बदलतो कशानें? वणवे लागतात, गवत चांगलें उगवावें म्हणून कांहीं लावलेहि जातात. गुरांची चराई कोंवळीं रोपें वर येऊं देत नाहीं. कल्याणपासून बदलापूरपर्यंत वाढत चाललेल्या वस्तीला घरें हवींत, रस्ते हवेत. आणि त्यांना लागणारी खडी कोणत्या तरी डोंगराच्या पोटांतूनच येते. पावसाळ्यांत सहलीला जाणाऱ्यांच्या पायांखालीं पठारावरची बोटभर माती निघून जाते. आणि हवामान जसजसें तापत जाईल, तसतशी खालच्या उतारावरचीं झाडें वर सरकूं शकतील. परंतु जें झुडूप आधींच माथ्यावर आहे, त्याला आणखी वर जाण्यास जागा कोठें आहे? माथेरानची उंची सुमारें ८०० मीटर, त्यापुढें आकाशच.

यादींत नांव आल्यानें झुडूप आपोआप वांचत नाहीं. लाल यादी म्हणजे कायदा नव्हे. ती वैद्याचें निदान आहे, औषध नव्हे. औषध कायद्यांत आणि स्थानिक लोकांच्या हातांत आहे. माथेरान व त्याच्या भोंवतालचा प्रदेश २००३ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वयें नष्ट होण्याच्या मार्गावरील जाती सरकारला जाहीर करतां येतात, आणि त्यांच्या संग्रहावर निर्बंध घालतां येतो. त्याच कायद्यानें प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेवर जैवविविधता व्यवस्थापन समिति नेमण्याचें बंधन घातलें आहे. अशा समितीनें आपल्या हद्दींतील जीवजातींची नोंदवही तयार करावी, अशी अपेक्षा आहे. म्हणजे उल्हासनगरची महानगरपालिका असो, कीं अंबरनाथ व कुळगांव-बदलापूर येथील नगरपालिका असोत, भोंवतालच्या हिरवाईची दखल घेणें हें आतां केवळ हौसेचें काम राहिलें नसून तें त्यांच्या कर्तव्यांत मोडतें.

परंतु नोंदवही भरावयाची कोणी? वनस्पतिशास्त्रज्ञ वर्षांतून दोन-चार दिवस डोंगरावर येतो. डोंगराच्या पायथ्याशीं राहणारा माणूस वर्षाचे बारा महिने तो पाहतो. अमुक कड्याखालीं अमुक झुडूप कोणत्या महिन्यांत फुललें, गेल्या वर्षीं तेथें वणवा लागला होता कीं नाहीं, पूर्वीं दिसणारें कोणतें फूल आतां दिसत नाहीं, या गोष्टी ठाकूरवाडींतील वृद्धाला ठाऊक असतात, गुराख्याला ठाऊक असतात, आणि दर रविवारीं किल्ल्यांवर जाणाऱ्या तरुणालाहि ठाऊक होऊं शकतात. फूल न तोडतां, फांदी न मोडतां, तिथि, स्थान आणि झुडपांची संख्या एवढें टिपून ठेवलें आणि जाणकारापर्यंत पोंचविलें, तरी दहा वर्षांनंतर तोच कागद घटीचा किंवा वाढीचा पुरावा ठरतो. मात्र अतिदुर्मीळ झुडपाचें नेमकें ठिकाण चारचौघांत बोलूं नये. ज्यांना तें उपटून नेऊन विकावयाचें असतें, त्यांच्याहि कानांवर तें जातें.

धोक्याच्या या साऱ्या मोजमापाचें सार एकाच प्रश्नांत सांगतां येईल: आज रात्रीं एक संकट आलें, तर उद्यां सकाळीं काय शिल्लक राहील? कारवीबद्दल या प्रश्नाचें उत्तर 'पुष्कळ कांहीं' असें आहे. सोनघंटेबद्दल तें 'थोडें' असें आहे. आणि ज्या झुडपांची मोजदाद अद्यापि कोणी केलेली नाहीं, त्यांच्याबद्दल उत्तर देण्यास कोणी नाहीं. संध्याकाळच्या गाडीनें घरीं परतणाऱ्या प्रवाशाला चंदेरीच्या कड्यावर मावळतीचें ऊन दिसतें. त्या उन्हांत एखाद्या फटींत एखादें झुडूप उभें असेल. तें आहे हें ठाऊक असणें, ही त्याच्या रक्षणाची पहिली पायरी होय.